हेलियमच्या फुग्याला वजन असतं का? असतं तर तो खाली का पडत नाही?

सड्यावरून:
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या लेकीचा आहे, ती पाचवीत आहे, पण खरं सांगायचं तर दोन दिवस झाले मीच त्यात अडकून पडलोय. रविवारी रत्नागिरीला गेलो होतो, तिथून तिच्या वाढदिवसासाठी गॅसचा फुगा आणला, साधा रबराचाच, फूटभर व्यासाचा असेल. फुगेवाल्याच्या सिलेंडरवर हेलियम लिहिलेलं होतं. येताना पूर्ण रस्ताभर फुगा गाडीच्या टपाला चिकटून. हातखंब्याच्या उतारावर एक गाय आडवी आली म्हणून मी जोरात ब्रेक मारला, आम्ही सगळे पुढे झुकलो, सीटवरची भाजीची पिशवी खाली पडली, आणि फुगा मात्र सरळ मागच्या काचेकडे गेला. लेक ओरडलीच, बाबा हा उलटा कसा गेला? मला काही सांगता येईना.

घरी आल्यावर तिने परत सुरू केलं. मी म्हटलं, हेलियम हवेपेक्षा हलका असतो म्हणून वर जातो. ती म्हणे हलका म्हणजे थोडं तरी वजन आहे ना? मग कापूस पण हलका, कोंबडीचं पीस पण हलकं, ती हळू पडतात पण खालीच पडतात ना, हा का नाही पडत? आता यावर काय बोलणार. आणि मला स्वतःला असं वाटायला लागलं की आपण सगळे "हलका असतो" एवढंच म्हणून विषय संपवतो पण तो हलका का असतो हे शाळेत कोणी सांगितलं होतं का, मला तरी आठवत नाही.

अजून एक. सोमवारी सकाळी फुगा खोलीच्या मध्यावर तरंगत होता, दुपारपर्यंत जमिनीला टेकला. फुटला नाही, गाठ पण घट्ट होती. गॅस गेला कुठे? कोणीतरी मुलीला समजेल असं सांगा, मी तिला वाचून दाखवणार आहे.

निवृत्त_मास्तर:
आधी तुमच्या लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. राजापूर तालुक्यात विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, पण पिसाचा प्रश्न इतका नेमका फार थोड्या मुलांनी विचारला.

फुग्याला वजन असतं. आतल्या हेलियमलाही असतं. घोटाळा असा होतो की हवेला वजन असतं हे आपण विसरतो. आपण जन्मल्यापासून तिच्यातच असतो म्हणून ती जाणवत नाही. दहा बाय दहाची खोली घ्या, उंचीही दहा फूट धरा, तर त्या खोलीत नुसती हवाच साधारण ३३ किलो भरते. तिला म्हणावं, तू आणि वर तुझं दप्तर मिळून जेवढं होईल तेवढी हवा त्या खोलीत आहे. तीच खोली हेलियमने भरली तर तो भरेल साडेचार किलो. शून्य नाही, साडेचार किलो.

आता विहिरीत सुका नारळ टाकून बघा. हातात घेतला तर चांगला वजनदार लागतो, पण पाण्यात बुडत नाही. का? नारळ जेवढी जागा अडवतो तेवढ्या जागेतलं पाणी नारळापेक्षा जड असतं. ते जड पाणी खाली घुसायला बघतं आणि नारळाला वर ढकलतं. आर्किमिडीजने सांगितलेली गोष्ट हीच, ती फक्त पाण्यापुरती नाही, हवेलाही जशीच्या तशी लागू आहे. आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो असं समजा. त्या समुद्रात फुगा म्हणजे बुडवून धरलेला नारळ, दोरी सोडली की वर.

म्हणजे फुगा आपल्या जोरावर वर जात नाही, त्याला खालून हवा ढकलते. फुग्याच्या तळाशी हवेचा दाब माथ्यापेक्षा अगदी किंचित जास्त असतो, कारण तळ फूटभर खोल आहे. तेवढा फरक पुरतो.

मग पीस? कापूस? कापसाचा तंतू तर पाण्यापेक्षाही जड असतो, जवळजवळ दीडपट. कापूस फुललेला दिसतो तो मधल्या पोकळीमुळे, पण त्या पोकळीत बाहेरचीच हवा खेळत असते, तिने काय उचलणार. पिसाचंही तसंच. ती हळू पडतात कारण हवा त्यांना अडवते. अडवणं वेगळं आणि उचलणं वेगळं. वजन कमी असून उपयोग नाही, अडवलेल्या जागेच्या मानाने कमी पाहिजे. पीस अर्ध्या ग्रॅमचं असलं तरी त्याने अडवलेली हवा त्याहून कितीतरी हलकी, म्हणून ते पडतं. हलक्या वायूने भरलेलं शंभर टनांचं अवाढव्य हवाई जहाज मात्र तरंगू शकतं.

गाडीतली गंमत पण यातच आहे. ब्रेक लागला की गाडीतलं सगळंच पुढे जायला बघतं, तुम्ही, भाजी, आणि हवासुद्धा. हवा पुढच्या काचेकडे दाटते, पुढे दाब वाढतो, मागे कमी होतो. मग हवेने फुग्याला कमी दाबाकडे म्हणजे मागे ढकललं. पुढच्या वेळी वळणावर बघा, तुम्ही बाहेरच्या बाजूला झुकाल आणि फुगा आतल्या बाजूला.

बोया:
ह्यां वाचून माका आमच्या जाळ्याचो बोयो आठावलो. मराठीतच लिहितो सगळ्यांना कळेल असं. आमचं मालवणला मासेमारीचं घर. रापणीच्या जाळ्याला वरच्या कडेला बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, आणि खालच्या कडेला शिशाचे गोळे, म्हणून जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. लहानपणी वडील सांगायचे बोया आपल्या जोरावर वर येतो असं समजू नको, पाणीच त्याला वर फेकतं. गुरुजींनी हवेचं सांगितलं ते अगदी तेच. आणि दुसरं, भरलेली होडी समुद्रातून खाडीत गोड्या पाण्याकडे घेतली की ती थोडी जास्त बुडते, हे होडी चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाला माहीत असतं. होडी तीच, माल तोच, फक्त पाणी हलकं झालं. म्हणजे वस्तू एकटी बघून चालत नाही, ती कशात आहे ते पण बघावं लागतं.

सड्यावरून:
गुरुजी, खरंच मनापासून आभार, लेकीने दोनदा वाचायला लावलं. नारळ लगेच पटला, विहिरीत टाकून पण झाला. पण आता तिचा पुढचा प्रश्न आणि तो माझापण आहे. तेवढ्याच जागेत हवा ३३ किलो आणि हेलियम फक्त साडेचार किलो, हे असं का? तो विरळ भरलेला असतो का? म्हणजे फुग्यात त्याचे कण लांब लांब असतात म्हणून? की कण छोटे असतात म्हणून? छोटे असतील तर उलट जास्त मावायला पाहिजेत ना, पोत्यात नारळांपेक्षा सुपाऱ्या जास्त मावतात तसे.

प्रयोगशाळेतून:
हा प्रश्न मला खूप आवडला कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते, मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते आणि बीएससीची मुलंसुद्धा इथे चुकतात. दादा, विरळ पण नाही आणि दाट पण नाही, दोन्हीकडे कणांची संख्या सारखीच असते. इटलीच्या आव्होगाद्रोने १८११ मध्ये हे मांडलं, की तापमान आणि दाब सारखा असेल तर सारख्या जागेत कुठल्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येने असतात.

सुपारीचं उदाहरण छान आहे पण वायूला लागू पडत नाही कारण पोत्यात सुपाऱ्या एकमेकींना टेकून बसतात, वायूचे रेणू टेकून बसतच नाहीत. ते सगळे सुसाट पळत असतात, मधे भरपूर मोकळी जागा, त्यामुळे रेणू लहान की मोठा याने जागेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. जागा अडवतात ती पळून आणि धडका मारून. तुम्ही म्हणाल हलका रेणू धडक पण हलकी मारेल, पण तो जास्त जोरात पळतो. आपल्या नेहमीच्या तापमानाला नायट्रोजनचा रेणू सरासरी सेकंदाला पावणेपाचशे मीटरच्या आसपास जातो आणि हेलियमचा अणू साडेबाराशेच्या आसपास. वजन सातवा भाग, पण वेग अडीच पटीपेक्षा जास्त आणि धडका पण जास्त वेळा, सगळं मिळून दाब सारखाच येतो. म्हणून तेवढेच कण तेवढीच जागा फुगवून धरतात.

आता कण सारखेच असले तर वजनाचा प्रश्न फक्त एकेका कणाच्या वजनावर येऊन थांबतो. हेलियमच्या अणूच्या गाभ्यात २ प्रोटॉन आणि २ न्यूट्रॉन असे कण, प्रत्येकाचं वजन १ धरलं तर अणूचं वजन ४. नायट्रोजनचा अणू १४ चा, पण तो एकटा राहत नाही, जोडीने राहतो, म्हणून २८. ऑक्सिजन १६ चा, तो पण जोडीने, ३२. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, उरलेल्यात बराचसा अरगॉन, तो ४० चा. सगळ्यांची सरासरी जवळजवळ २९ येते. हेलियमची जोडी जमत नाही कारण त्याचं बाहेरचं इलेक्ट्रॉनचं घर दोघांत भरतं आणि ते भरलेलंच असतं, त्याला कोणाची गरज लागत नाही, तो एकटाच फिरतो. २९ आणि ४, बस, एवढंच कारण आहे, ३३ किलो आणि साडेचार किलो तिथूनच आले.

हायड्रोजनचं पण सांगून ठेवते. तो जोडीने २, म्हणजे हेलियमच्या निम्मा, म्हणून लोकांना वाटतं तो दुप्पट उचलेल. तसं होत नाही, कारण उचलतो तो फरक. २९ मधून २ गेले २७, २९ मधून ४ गेले २५. फक्त ८ टक्के जास्त. आणि त्या ८ टक्क्यांसाठी पेटणारा गॅस हातात घ्यायचा, नको. ६ मे १९३७ ला हिंडेनबर्ग नावाचं जर्मन हवाई जहाज अमेरिकेत उतरताना पेटलं ते हायड्रोजनचंच होतं. आपल्याकडे जत्रेत स्वस्तातल्या फुग्यांमध्ये अजूनही कधीकधी हायड्रोजन भरतात, त्याचे अपघात झालेत, मुलीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या असतात, तेव्हा दादा तुम्ही सिलेंडर बघून घेतलात ते फार बरं केलंत. आणि मजेसाठी हेलियम तोंडात घेऊन बारीक आवाज काढायला मुलांना अजिबात देऊ नका, छातीत ऑक्सिजनची जागा तो घेतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

हेच गणित स्वयंपाकघरात उलटं चालतं. आपल्या सिलेंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन ४४ आणि ब्युटेन ५८, दोन्ही हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो छताला जात नाही, खाली लादीवर पसरतो, म्हणून दार उघडायचं, बटणांना हात लावायचा नाही, आणि खाली वाकून शोधत बसायचं नाही. मिथेन १६ चा, तो वर जातो.

फुगा का उतरला: रबराला सूक्ष्म फटी असतात, हेलियमचा अणू एकटा आणि इवलासा, तो त्यातून झिरपत राहतो. हवेचे रेणू मोठे, ते फार हळू झिरपतात म्हणून तोंडाने फुगवलेला फुगा जास्त दिवस टिकतो. चमकदार फॉइलचा फुगा घेतलात तर हेलियम पण बरेच दिवस राहील.

आणि कोकणातल्या लोकांना एक सांगायलाच हवं. मे महिन्यात आपण म्हणतो हवा जड झालीय, अंगाला चिकटतेय. वजनाने ती उलट हलकी झालेली असते! पाण्याच्या वाफेचा रेणू १८ चा, तो २८ आणि ३२ वाल्यांची जागा घेतो. आपल्या किनाऱ्यावर दमट दिवसात शंभर रेणूंमागे तीनचार वाफेचे असतात. जड वाटतं ते घाम सुकत नाही म्हणून.

किल्लेप्रेमी:
हेलियमचा विषय निघाला आणि विजयदुर्गाचं नाव कोणीच घेतलं नाही! हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला, लॉकियर नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने. तिथे साहेबाचे ओटे, म्हणजे दुर्बिणी मांडायचे चौथरे, अजून आहेत, दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा करतात. मी स्वतः त्या ओट्यांवर बसून आलोय. सड्यावरून दादा, लेकीला घेऊन जा.

निवृत्त_मास्तर:
किल्लेप्रेमी, ओट्यांवर मी शाळेच्या सहली नेल्या आहेत, त्यामुळे तुमचा अभिमान मला कळतो. पण मुलीला वाचून दाखवायचं आहे म्हणून तारखा नीट लावू. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर इंग्लंडमध्ये होते. ते ग्रहण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने आंध्रात गुंटूरला पाहिलं, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश वर्णपटात म्हणजे रंगांच्या पट्ट्यात फोडून. लॉकियरनी २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहण नसताना इंग्लंडातूनच त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. ग्रहणाशिवाय ज्वाळा बघायच्या दोघांच्या पद्धतीची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. त्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या रेषांच्या शेजारी पण त्यांच्याशी न जुळणारी. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, तेव्हा ग्रीक हेलिओस म्हणजे सूर्य यावरून हेलियम नाव पडलं. म्हणजे हा वायू आधी सूर्यावर सापडला. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये रॅम्झी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाला युरेनियमच्या खनिजात मिळाला, तोपर्यंत २७ वर्षं पुष्कळ लोकांचा त्यावर विश्वास नव्हता.

मग विजयदुर्ग? लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. मेल्पोमेनी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. ते ओटे त्या मुक्कामातले असावेत असं मला वाटतं. ज्या माणसाने हेलियमला नाव दिलं तो आपल्या किल्ल्यावर दुर्बिणी मांडून उभा राहिला, ही गोष्ट छोटी नाही, तिला शोधाची जोड न देताही ती सांगण्यासारखी आहे.

युरेनियमच्या खनिजात तो का सापडला हेही सांगा तिला. युरेनियम, थोरियम फुटतात तेव्हा अल्फा कण बाहेर पडतो, तो म्हणजे हेलियमच्या अणूचा गाभाच. जमिनीखाली कोट्यवधी वर्षं असा साठत गेलेला हेलियम नैसर्गिक वायूच्या विहिरींतून काढतात. आपला देश जवळजवळ सगळा बाहेरून आणतो. हॉस्पिटलातल्या एमआरआय मशीनचं चुंबक थंड ठेवायला तो उणे २६९ अंशाला द्रव करून वापरतात. फुग्यातून सुटलेला हवेत मिसळतो, हवेत दहा लाख कणांत त्याचे पाचच असतात, आणि वातावरणाच्या माथ्यावरून थोडा थोडा अवकाशात कायमचा निघून जातो. म्हणून वाढदिवसाला एक फुगा ठीक, पण शेकडो फुगे आकाशात सोडायचे कार्यक्रम बघितले की मला फार वाईट वाटतं. ते रबर शेवटी समुद्रात पडतं, वेळासच्या किनाऱ्यावर कासवं येतात आपल्या, त्यांच्या पोटात जातं.

बोया:
गुरुजी, शंभर टक्के. जाळ्यात फुग्यांच्या रिबिनी येतात, हाताने सोडवतो आम्ही.

सड्यावरून:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रत्नागिरीला काम होतं, येताना तसाच दुसरा फुगा आणला आणि संध्याकाळी पडवीत बसून दोघांनी हिशोब केला. गुरुजींच्या आणि ताईंच्या आकड्यांवरून, फूटभर व्यासाच्या फुग्यात साधारण १४ लिटर जागा. तेवढी हवा १६ ग्रॅम, तेवढा हेलियम सव्वादोन ग्रॅम, फरक १४ ग्रॅमच्या जवळ. फुग्याचं रबर ३ ग्रॅम, रिबीन एक ग्रॅम धरली, उरले १० ग्रॅम. लेक म्हणाली बघूया खरं आहे का. तिने रिबिनीला सुकवलेली काजूबी बांधली, फुगा बी घेऊन वाशाला जाऊन टेकला. दुसरी बांधली, दोन्ही घेऊन खाली बसला. मग किराणा दुकानातल्या काट्यावर बिया तोलून आणल्या, दोन मिळून १२ ग्रॅम. म्हणजे एकीने ६ आणि दोघींनी १२, आमचे १० बरोबर मधे आले. तिने दुसरी बी सोडून तिच्या जागी सुतळीचा तुकडा बांधला आणि थोडा थोडा कापत गेली, एका वेळी फुगा वर पण जाईना आणि खाली पण येईना, तिच्या नाकासमोर हवेत उभा राहिला. आई जेवायला हाका मारत होती, ती काही हलली नाही.

आता तिने वहीत लिहून ठेवलंय की तिचं वजन २७ किलो म्हणजे तिला उचलायला असे २७०० फुगे लागतील. आणि विजयदुर्गला कधी जायचं ते विचारतेय. पाऊस संपला की जाऊ म्हटलंय. किल्लेप्रेमी, ओटे मुख्य दरवाजातून आत गेल्यावर कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगून ठेवा.